हलके फ्लायव्हील, जड जोखीम

शेतावर पंप ओढणारे जुने डिझेल इंजिन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याच्या बाजूचे मोठे बिडाचे चाक आठवत असेल. हँडल मारून ते चाक फिरवताना घाम फुटायचा. पण एकदा का ते फिरू लागले, की इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याची ताकद साठवून पुढच्या ठोक्यापर्यंत ते गती टिकवून धरायचे. मोटारीच्या इंजिनाच्या मागेही, क्लचला लागून, असेच एक चाक असते. त्यालाच फ्लायव्हील म्हणतात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो. दोन स्फोटांमधला धक्का सौम्य करणे हे या चाकाचे काम.

हे चाक जड असेल तर इंजिन शांत चालते, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर फेरे वाढायला थोडा वेळ लागतो. शर्यतीच्या गाड्यांत म्हणूनच हलके फ्लायव्हील वापरतात. तिथून ही हौस रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारपर्यंत आली. माझदाची एमएक्स-5 ही दोन आसनी छोटी गाडी 1989 साली आली, तेव्हापासून अमेरिकेत आणि जपानमध्ये तिच्या मालकांनी जे फेरफार केले, त्यांत हलके फ्लायव्हील नेहमीचेच. पोलादाचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे तयार चाक बाजारात मिळते. प्रश्न असा, की हाती काय लागते आणि गमवावे काय लागते?

फायदा किती?

उदाहरणादाखल 8 किलोचे फ्लायव्हील काढून त्याच आकाराचे 4 किलोचे बसवले असे धरू. वाचलेले वजन फक्त 4 किलो. पण हे वजन फिरते असते, त्यामुळे त्याचा परिणाम गिअरप्रमाणे बदलतो. 2015 नंतरच्या एमएक्स-5 मध्ये पहिल्या गिअरला चाकांच्या एका फेरीमागे इंजिनाचे साडेचौदा फेरे होतात. चाक सुमारे 28 सेंटिमीटर व्यासाची सपाट तबकडी मानून हिशेब केला, तर पहिल्या गिअरमध्ये गाडी जणू 85 किलोंनी हलकी होते. म्हणजे शेजारचा प्रवासी उतरल्यासारखेच! सहाव्या गिअरमध्ये मात्र हाच फायदा जेमतेम तीन-चार किलोंचा उरतो. कमाल वेगात काही फरक पडत नाही आणि इंजिनाची अश्वशक्तीही वाढत नाही. वाढतो तो फक्त चपळपणा, आणि तोही मुख्यतः खालच्या गिअरमध्ये.

त्याची किंमत रोजच्या वापरात मोजावी लागते. गाडी उभी असताना इंजिन थरथरते. चढावर किंवा गर्दीत क्लच सोडताना थोडी चूक झाली की गाडी बंद पडते. गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येऊ लागते. अलीकडच्या अनेक गाड्यांत कंपने शोषून घेणारे, आत स्प्रिंगा असलेले दुपदरी फ्लायव्हील असते. ते काढून एकसंध हलके चाक बसवले, तर स्प्रिंगा जे धक्के झेलत होत्या ते गिअरबॉक्सला झेलावे लागतात. आणखी एक गोष्ट. इंजिनात एखादा स्फोट चुकला, तर गाडीचा संगणक ते क्रँकशाफ्टच्या वेगातील चढउतारावरून ओळखतो. हलक्या चाकामुळे हे चढउतार मुळातच वाढतात. मग इंजिनात काही बिघाड नसतानाही धोक्याचा दिवा लागू शकतो.

पैसे वाचवण्यासाठी मूळचे बिडाचे चाक लेथवर तासून हलके करून घेणे हा प्रकार सर्वांत घातक. वेग दुप्पट झाला की चाकावरचा ताण चौपट होतो आणि बीड ताण फारसा सोसत नाही. वरच्या उदाहरणातील 8 किलोच्या चाकात मिनिटाला 6,000 फेऱ्यांच्या वेगाने जी ऊर्जा साठते, तिच्या निम्म्या ऊर्जेत 80 किलोचा माणूस तीन मजले वर उचलला जाईल. असे चाक फुटले तर त्याचे तुकडे चालकाच्या पायापाशी येतात. म्हणून शर्यतींत प्रमाणित चाकाचा आग्रह धरला जातो.

वॉरंटीचे काय?

कंपनी वॉरंटी देते ती आपण बनवलेल्या गाडीची. मालकाने भाग बदलला की वाद सुरू होतो. अमेरिकेत 1975 साली झालेल्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार, कंपनीचेच भाग वापरले तरच वॉरंटी मिळेल, अशी अट सहसा घालता येत नाही. ते भाग ती फुकट देत असेल किंवा सरकारची खास परवानगी असेल, तरच अपवाद. बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे कंपनीला दाखवावे लागते. अशाच अटींवरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जून 2022 मध्ये हार्ले-डेव्हिडसन कंपनीवर कारवाई केली होती.

पण या कायद्यावर विसंबून निर्धास्त होणे बरे नव्हे. फ्लायव्हील बदलले आणि काच वर-खाली करणारी मोटर बिघडली, तर कंपनीला हात झटकता येणार नाहीत. क्लच जळला, क्रँकशाफ्टमागचे ऑइल सील गळू लागले किंवा गिअरबॉक्सचे दाते झिजले, तर मात्र बोट पहिल्यांदा नव्या चाकाकडेच दाखवले जाणार. आणि हेच भाग सर्वांत महाग!

भारतात ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. वस्तू सदोष आहे का, यावर वाद असेल तर ती तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईबाबत याच कायद्याचे कलम 87 सांगते, की हानी झाली तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध दावा करता येत नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेतही फेरफाराबद्दलचे कलम बहुधा असतेच. पुस्तिका हातमोजे ठेवायच्या कप्प्यात पडून राहते आणि वाचली जाते ती बिघाड झाल्यावर.

काही जण यावर एक युक्ती सांगतात. गाडी सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी जुने चाक परत बसवून टाकायचे. ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि ती लपतेच असेही नाही. उघडलेल्या बोल्टवर पान्याच्या खुणा राहतात. अनेक गाड्यांचा संगणक इंजिनाच्या अतिवेगाच्या नोंदी ठेवतो. एकदा खोटे उघडे पडले, की पुढची खरी तक्रारही कोणी ऐकून घेत नाही.

मग करावे काय?

वॉरंटीची मुदत संपेपर्यंत थांबणे हा सर्वांत स्वस्त उपाय. थांबवत नसेल, तर आधी पुस्तिकेतील फेरफाराचे कलम वाचावे आणि कंपनीकडून लेखी उत्तर मागावे. काउंटरवरच्या माणसाचे ‘चालेल, साहेब’ पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

चाक नामांकित बनावटीचे आणि प्रमाणित घ्यावे, तासलेले नको. गिअरबॉक्स एकदा उतरतच असतो, तेव्हा क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मागचे ऑइल सील त्याच वेळी तपासून घ्यावे. बोल्ट नवे घ्यावेत आणि ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या जोराने टॉर्क पान्यानेच आवळावेत. पावत्या, भागांचे क्रमांक, मेकॅनिकने केलेल्या कामाची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर हे सगळे एका फाइलमध्ये लावून ठेवावे. मूळचे चाक भंगारात देऊ नये. गाडी विकताना नव्या मालकाला बदल सांगावा आणि ते चाकही त्याच्या हवाली करावे.

तक्रार करण्याची वेळ आलीच, तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे प्रश्न एकच विचारला जाईल, बिघाड कशामुळे झाला? ज्याच्या फाइलमध्ये याचे उत्तर आहे, त्याची बाजू भक्कम. ज्याच्याकडे नुसती हौस आहे, त्याला चार किलो वजन कमी केल्याचा भार बराच काळ वाहावा लागतो.