लीडर व्हायचंय? मग चुकलेल्यांची पुस्तकं वाचा

प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की कॉलेजच्या कट्ट्यावर एक प्रश्न हमखास फिरतो. ‘लीडरशिपवरचं एखादं पुस्तक सांग ना, इंटरव्ह्यूत विचारतात.’ मग कुणीतरी पाच नावं फेकतं, कुणी ग्रुपवर पीडीएफ टाकतं, आणि बाकीचे त्या पुस्तकाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ शोधतात. पुस्तक वाचायचं मात्र राहूनच जातं.

मी वाचली होती. सेकंड इयरला आमच्या फेस्टची हेड झाले, तेव्हा सुट्टीत तीन पुस्तकं संपवली. तिन्हींच्या कव्हरवर आकडा होता. एवढे नियम, तेवढ्या सवयी, अमुक पायऱ्या. पिवळ्या हायलायटरने पानं रंगवली आणि वहीच्या मागच्या पानावर यादी केली : ठाम राहा, अपेक्षा स्पष्ट ठेवा, ढिलाई खपवून घेऊ नका.

फेस्टला आठ दिवस राहिले असताना एका ज्युनिअरने रजिस्ट्रेशनच्या एक्सेल शीटमध्ये फक्त नावांचा कॉलम सॉर्ट केला. बाकीचे कॉलम जागच्या जागी राहिले. एकाचं नाव, दुसऱ्याचा नंबर, तिसऱ्याची फी. सगळा गोंधळ. मी चाळीस जणांच्या ग्रुपवर, सगळ्यांदेखत त्याला झापलं. यादीतले तिन्ही नियम पाळले होते की! रात्री तो ग्रुपमधून बाहेर पडला.

खरा फटका नंतर बसला. जनरेटरचं बुकिंग चुकीच्या तारखेचं झालंय, हे टीममधल्या एकीला दोन दिवस आधी कळलं होतं. तिने सांगितलंच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘तू ओरडशील म्हणून.’

पुढे एड कॅटमुल यांचं ‘क्रिएटिव्हिटी, इन्कॉर्पोरेटेड’ हातात आलं. कॅटमुल हे पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’चं काम सुरू असताना कुणीतरी एक चुकीची कमांड दिली आणि चित्रपटाचा जवळपास ९० टक्के भाग सर्व्हरवरून उडाला. बॅकअप बघायला गेले, तर तोही नीट चालत नव्हता. गॅलिन सुसमन या सहकारी बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर चित्रपटाची कॉपी होती, म्हणून निभावलं. मी थांबले ती पुढच्या गोष्टीपाशी. कमांड कुणी दिली, हे शोधण्यात त्यांनी वेळच घालवला नाही. माणसं चुकणारच, हे गृहीत धरून बॅकअपची व्यवस्था दुरुस्त केली. मला आमची एक्सेल शीट आठवली. शीटची दुसरी कॉपी ठेवायची, हे हेड म्हणून मी ठरवायला हवं होतं. ते माझ्या यादीत कुठेच नव्हतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लीडरशिपचं पुस्तक उचलताना त्यात नियम किती आहेत ते बघू नका. लेखक स्वतः कुठे चुकला आणि त्याला कुणी सावरलं, हे सांगतो का ते बघा. सांगत नसेल तर ते पुस्तक आपल्याला ‘तूच भारी’ म्हणत राहतं. ऐकायला छान वाटतं, पण अडचणीच्या दिवशी त्यातलं काहीच कामाला येत नाही.

ही कसोटी लावून बघायची तर इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांचं ‘ओन्ली द पॅरानॉइड सर्व्हाइव्ह’ घ्या. हे पुस्तक १९९६ चं. त्यातली उदाहरणं जुनी झालीत, प्रसंग नाहीत. इंटेल उभी राहिली मेमरी चिपवर. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांनी त्याच चिप चांगल्या आणि स्वस्त देऊन इंटेलची झोप उडवली. वर्षभर नुसत्या चर्चा. शेवटी १९८५ मध्ये ग्रोव्ह यांनी गॉर्डन मूर यांना विचारलं की, आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग तेच आपण का करू नये, असं म्हणत ग्रोव्ह यांनी तो रस्ता धरला.

हा किस्सा तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलाही असेल. रीलमध्ये न येणारा भाग जास्त मोलाचा आहे. वरचे साहेब निर्णयाशी झगडत होते, तेव्हा कारखान्याचं नियोजन बघणारी मधल्या फळीतली माणसं हळूहळू जास्त नफ्याच्या मायक्रोप्रोसेसरकडे उत्पादन वळवतही होती. म्हणजे वाऱ्याची दिशा खालच्यांना आधी कळली, वरच्यांना नंतर. कंपनीचा प्रमुख हे स्वतःच्या पुस्तकात लिहितो, म्हणून ते पुस्तक शेल्फवर हवं.

तिसरं आपल्या शेजारच्या गुजरातमधलं. डॉ. वर्गीस कुरियन यांचं ‘आय टू हॅड अ ड्रीम’. मराठीत ते ‘माझंही एक स्वप्न होतं’ या नावाने आलंय, त्यामुळे इंग्रजीचं निमित्त चालणार नाही. १९४९ मध्ये कुरियन आणंदला आले ते सरकारी शिष्यवृत्तीच्या बदल्यात करायच्या नोकरीसाठी. तिथे राहायची इच्छा अजिबात नव्हती. राजीनामा मंजूर होऊन ते निघालेही होते. त्रिभुवनदास पटेलांनी थांबवलं म्हणून राहिले. खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी तर १९४६ मध्येच पंधरा दिवस दूध विकायला नकार देऊन संप केला होता. नेतृत्व तिथे आधीपासून होतं, कुरियन त्यात नंतर सामील झाले. म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते. ती करून दाखवली एच. एम. दलाया यांनी. कुरियन फटकळ होते, पुस्तकातही ते जाणवतं. पण पटेल आणि दलाया या दोघांचं श्रेय ते हातचं न राखता देतात.

आता कुणी म्हणेल, नियमांची पुस्तकं तरी अभ्यास करूनच लिहिलेली असतात ना? असतात. जिम कॉलिन्स यांचं २००१ चं ‘गुड टू ग्रेट’ आजही मॅनेजर लोक एकमेकांना भेट देतात. त्यांच्या टीमने १,४३५ कंपन्या चाळून ११ ‘ग्रेट’ कंपन्या काढल्या. त्यातल्या फॅनी मे या कंपनीचा ताबा २००८ मध्ये अमेरिकी सरकारला घ्यावा लागला आणि सर्किट सिटीने त्याच वर्षी दिवाळखोरीचा अर्ज केला. पुस्तक टाकाऊ नाही. पण जिंकलेल्यांकडे मागे वळून बघितलं की त्यांची प्रत्येक सवय यशाचं कारण वाटायला लागते. त्याच सवयी असूनही बुडालेल्यांना कुणी विचारायला जात नाही.

मी सुचवलेली पुस्तकंही डोळे मिटून घेऊ नका. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने सहा कंपन्यांवर खटला भरला. एकमेकांचे कर्मचारी ओढायचे नाहीत, असं त्यांनी आपापसात ठरवल्याचा आरोप होता. असं ठरलं की कर्मचाऱ्याची चांगल्या पगाराची संधी जाते आणि त्याला ते कळतही नाही. त्या सहांमध्ये इंटेल आणि पिक्सार दोन्ही होत्या. लीडरचं पुस्तक ही एक बाजू असते. दुसरी त्याच्या हाताखाली राबणाऱ्यांकडे असते, आणि नोकरीची पहिली काही वर्षं आपण त्या दुसऱ्या बाजूलाच असणार आहोत.

म्हणून वाचण्याची एक सोपी पद्धत सुचवते. निर्णयाच्या प्रसंगापाशी आलात की पुस्तक मिटा. त्या क्षणी त्या माणसाला जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर तुम्ही काय केलं असतं ते दोन ओळींत लिहा. मग पान उलटा. महिन्याला एक पुस्तक असं वाचलंत, तर इंटरव्ह्यूत नाव आठवायची धडपड करावी लागणार नाही. बोलायला स्वतःचं काहीतरी असेल.

त्या ज्युनिअरला मी नंतर सॉरी म्हटलं. ‘अगं ठीक आहे’ म्हणून तो हसला. पुढच्या वर्षी मात्र कमिटीत आला नाही. तेव्हा कधी मलाच इंटरव्ह्यूत विचारलं ना, की लीडरशिप कुठे शिकलीस, तर पुस्तकाच्या नावाआधी मी ही गोष्ट सांगेन.