रस्ता पाण्याशी येऊन थांबतो तेव्हा

सडकेच्या कडेला पाटीवर किंवा मैलाच्या दगडावर जो आकडा असतो, त्याकडे आपण फारसे पाहत नाही. एसटी वेळेवर आली म्हणजे झाले! पण त्या आकड्याला अर्थ असतो. हा रस्ता कोणाचा, खड्डे कोणी बुजवायचे, मोरी खचली तर कोणाच्या दारात जायचे, हे त्यावरून ठरते. आणि असा रस्ता सरोवराच्या काठाशी येऊन थांबला तर? पुढचे पाणी कोणी ओलांडून द्यायचे? आज याच प्रश्नाची, दूर अमेरिकेतली एक हकिगत सांगतो.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यूयॉर्क आणि व्हर्माँट या दोन राज्यांच्या मध्ये शॅम्प्लेन नावाचे सरोवर पसरले आहे. लांबी सुमारे १९० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १९ किलोमीटर. व्हर्माँटच्या काठाचा मुलूख गाईगुरांचा, दूधदुभत्याचा. एकाचे शेत या तीरावर, तर सोयरेधायरे नि बाजार त्या तीरावर, अशी तिथली वस्ती. त्यामुळे पैलतीरी नेणारी नाव ही तिथे फार जुनी गरज आहे.

पूर्वी या नावा शिडावर आणि वल्ह्यांवर चालत. एकोणिसाव्या शतकात तर घोड्यांच्या बळावर चालणाऱ्या नावाही होत्या. नावेवर एक मोठे आडवे चाक असे. घोडी त्यावर जागच्या जागी चालत, पायाखालचे चाक फिरे आणि त्याच्या जोरावर बाजूची पाणचाके पाणी कापत. आपला घाण्याचा बैल गोल फिरतो. तिथे घोडा जागेवर राही आणि चाकच फिरे! अशी एक बुडालेली नाव १९८३ साली बर्लिंग्टन गावाजवळ सरोवराच्या तळाशी सापडली. हिवाळ्यात पाणी गोठून दगडासारखे घट्ट झाले, की लोक बर्फावरून घसरगाड्या हाकीत पलीकडे जात.

पुढे मोटारी आल्या. तोवर तिथल्या रस्त्यांना नावे असत आणि खांबांवर रंगीत पट्टे मारून वाट दाखवली जाई. परका माणूस हमखास चुके. मग आकड्यांची युक्ती निघाली. विस्कॉन्सिन राज्याने १९१८ साली सर्वांत आधी आपल्या रस्त्यांना क्रमांक दिले. व्हर्माँट आणि शेजारच्या राज्यांनी १९२२ साली एकत्र मिळून क्रमांक ठरवले, न्यूयॉर्कने १९२४ साली पाट्या लावल्या आणि १९३० साली सारी मांडणी नव्याने केली.

यातली खुबी अशी, की काही क्रमांक थेट नावेच्या धक्क्यापर्यंत नेले आहेत. प्लॅट्सबर्गजवळ न्यूयॉर्कचा ३१४ क्रमांकाचा रस्ता पाण्याशी संपतो. फेरीबोटीने पलीकडे ग्रँड आइलला उतरावे, तर समोर व्हर्माँटचा रस्ताही ३१४ क्रमांकाचाच! ही बोट रात्रंदिवस, बारमाही, बर्फ फोडीत चालते. दक्षिणेला टायकॉन्डरोगाजवळ दोन्ही तीरांवर ७४ क्रमांक आहे. तिथे पाण्यात लोखंडी दोर टाकलेले आहेत. त्यांच्या आधाराने तराफा सरळ राहतो, छोटी बोट त्याला ढकलते आणि तराफ्यावर मोटारी उभ्या असतात. राज्ये दोन, कारभार दोन. पण वाटसरूला आकडा एकच. पाणी हाही रस्त्याचाच एक तुकडा आहे, असे जणू त्या पाट्या सांगतात.

पण पाट्या सांगतात म्हणून नाव चालत नाही. रस्ता सरकारचा, नाव मात्र धंदेवाल्याची, अशी तिथली रीत. पोर्ट केंट गावाचेच पाहा. तिथे ३७३ क्रमांकाचा जेमतेम साडेपाच किलोमीटरचा रस्ता बर्लिंग्टनला जाणाऱ्या बोटीच्या धक्क्याशी नेतो. शेजारचे रेल्वे स्थानकही बोटीच्या हंगामापुरतेच जागे होई. २०२० साली महामारीत ती बोट थांबली आणि बोटीवर पोट असलेला सारा पसारा सुना पडला. रस्ता मात्र आपला पाण्यापर्यंत जाऊन उभाच.

याच्या अगदी उलट गोष्ट क्राउन पॉइंटची. तिथे १९२९ साली पूल झाला. पूल झाल्यावर नावेची आठवण कोणाला राहते! पण १६ ऑक्टोबर २००९ रोजी तपासणीत पुलाचे पाण्यातले खांब फार खराब झालेले आढळले आणि पूल तडकाफडकी बंद झाला. त्याच डिसेंबरात तो सुरुंग लावून पाडावा लागला. घर एका तीराला आणि नोकरी, दवाखाना किंवा जनावरे दुसऱ्या तीराला, अशा लोकांवर आभाळच कोसळले. नुसत्या रस्त्याने वळसा घ्यायचा तर शंभर किलोमीटरहून अधिक! रात्री गोठ्यात गाय अडली तर काय करायचे?

लोकांनी तगादा लावला. अखेर दोन्ही राज्यांनी जबाबदारी उचलली. पुलाशेजारीच नवे धक्के बांधून १ फेब्रुवारी २०१० पासून चोवीस तास फेरीबोट सुरू केली, तीही फुकट! न्यूयॉर्कचा १८५ आणि व्हर्माँटचा १७ क्रमांकाचा रस्ता पुन्हा बोटीने जोडले गेले. ७ नोव्हेंबर २०११ रोजी नवा पूल खुला झाला, तोवर बोटीनेच ते गाडे ओढले.

दोन्ही ठिकाणी रस्त्याला क्रमांक होता. एकीकडे वाट पाण्याशी अडली, दुसरीकडे ती चालू राहिली. फरक पडला तो पाण्याच्या तुकड्याची जबाबदारी कोणी घेतली यामुळे.

आपल्याकडेही राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग असे दर्जे आहेत आणि त्यांना क्रमांक आहेत. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघेल, तेव्हा नुसते "रस्ता करा" म्हणून थांबू नका. आपल्या रस्त्याचा क्रमांक विचारून घ्या. तो कोठे सुरू होतो, कोठे संपतो, मधला ओढा कोणाच्या वहीत आहे, हेही विचारा. आणि मिळालेले उत्तर कागदावर लिहून घ्यायला विसरू नका.