घरच्या पत्रांची साक्ष

आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञावर अन्याय झाला काय, हा वाद अधूनमधून उकरून काढला जातो. १८५८ साली मोलुक्का बेटांतील तेर्नाते येथून त्याने नैसर्गिक निवडीची कल्पना मांडणारा निबंध चार्ल्स डार्विनकडे पाठविला. डार्विनच्या म्हणण्याप्रमाणे तो त्याला १८ जूनला मिळाला. १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. डार्विनचे आधी, वॉलेसचे नंतर. वॉलेसला विचारण्यात आले नव्हते. टपालालाच महिने लागत.

निबंधासोबतचे ते पत्र आज उपलब्ध नाही. मात्र वॉलेसने ६ ऑक्टोबर १८५८ रोजी आईला लिहिलेले पत्र टिकून आहे. डार्विन व हूकर या नामवंतांची पत्रे आली, याचा आनंद त्यात आहे. मायदेशी परतल्यावर अशा थोरांची ओळख व साहाय्य लाभेल, हा हिशेबही आहे. रोष कोठेही नाही. नमुने विकून पोट भरणाऱ्या माणसाला दुसरे काय सुचणार, असे कोणी म्हणेल. पण आईला लिहिताना माणूस डार्विनची भीड कशाला धरील? अर्थात, वॉलेस संतुष्ट होता एवढ्याने लंडनमधील मंडळींचे वर्तन निर्दोष ठरत नाही. ते दोन प्रश्न निराळे आहेत आणि वाद घालणारे नेमकी येथेच गल्लत करतात.

हा माणूस खरा कसा होता, हे घरच्या पत्रांतच कळते. आठ वर्षांत सव्वा लाखाहून अधिक नमुने गोळा करणारा हा संग्राहक बहीण फॅनीकडे आपल्या मदतनीस पोराविषयी कुरकुर करतो : पक्षी भरला तर मान वाकडी, गळ्यापाशी कापसाचा गोळा! १८५५ मध्ये बोर्निओतून तो घरी कळवतो की, आपण एक अनाथ बाळ सांभाळीत आहोत. ते बाळ ओरांगउटानचे, आणि त्याच्या आईला गोळी घालणारा स्वतः वॉलेसच. सुमारे तीन महिन्यांनी ते पिल्लू दगावले. मेहुणा थॉमस सिम्स परत येण्याचा आग्रह धरतो, तेव्हा काम अपुरे टाकून येणार नाही, असे त्याला १८५९ साली ठाम उत्तर मिळते. शास्त्रीय नियतकालिकातील निबंधात यांतले काय सापडेल?

थोरांची पत्रे छापताना 'घरगुती मजकूर' गाळण्याची खोड जुनीच आहे. प्रस्तुत लेखकाला ती घातक वाटते. आपल्याकडे तर गाळण्यापर्यंतही गोष्ट जात नाही. परगावी अध्यापन वा संशोधन करणाऱ्यांची कार्डे आणि आंतर्देशीय पत्रे घरोघरी तारेला टोचून ठेवलेली असत. पुढे दिवाळीच्या साफसफाईत ती तारेसकट रद्दीत गेली. जी माळ्यावर उरली असतील, ती एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्यांकडून तारीखवार लावून घेतली, तर इतिहासाच्या तासाचे काही अडणार नाही. खर्चाच्या आणि दुखण्याखुपण्याच्या ओळी तेवढ्या गाळू देऊ नयेत.