किक मारू नका, तेल पाजा!

गेल्या महिन्यात खराडीच्या आमच्या सोसायटीत नोटीस लागली. पार्किंगमधल्या बंद गाड्या रविवारपर्यंत हलवा, नाहीतर भंगारवाला उचलून नेईल. यादीत सात गाड्या आणि तिसऱ्या नंबरवर आमची चेतक!

बाबांनी १९८१ मध्ये नंबर लावला होता. आकुर्डीच्या कारखान्यातली ती गाडी हातात पडली १९८६ मध्ये. हो, पाच वर्षांनी! (डॉलर भरणाऱ्यांना लवकर मिळायची. आमच्याकडे कुठले डॉलर?) २०१६ ला आम्ही खराडीत आलो, बाबांचा गुडघा दुखायला लागला आणि गाडी कव्हरखाली गेली ती गेलीच. नोटीस वाचून बाबा एवढंच म्हणाले, "देऊन टाक." आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मग काय, अस्मादिक हिरो झाले. संध्याकाळी ऑफिसातून आलो की लॅपटॉपची बॅग खाली ठेवायची आणि किका हाणायच्या. पहिल्याच दिवशी चाळीस. किक इतकी हलकी, की पाय ठेवला की खाली. मी खूश. म्हटलं, चला, इंजिन जाम तरी झालेलं नाही! तिसऱ्या दिवशी चंदननगरच्या गॅरेजमधून मिस्त्रींना आणलं. त्यांनी हातानेच एकदा किक दाबली आणि म्हणाले, "साहेब, आता लाथा बंद. काँप्रेशनच नाहीये."

त्याचं असं आहे. पिस्टनच्या खाचांमध्ये रिंगा बसवलेल्या असतात. त्या बाहेरच्या बाजूला ताणलेल्या राहतात, सिलिंडरच्या भिंतीला चिकटून चालतात आणि म्हणून आतली हवा दाबली जाते. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की भिंतीवरचं तेल ओघळून जातं, हलका गंज धरतो आणि जुनं टू-टी ऑइल व काजळी यांचा डिंक होऊन रिंगा खाचेतच चिकटतात. मग हवा बाजूने निसटते. दाबच नाही, तर स्पार्क कितीही चांगला असू दे, काय पेटणार? वर मी कोरड्या भिंतीवर पिस्टन घासत होतो. चाळीस गुणिले तीन दिवस. बाबांना हा आकडा सांगितलेला नाही.

मिस्त्रींनी प्लग काढला, भोकातून चमचाभर तेल सोडलं, कापडाचा बोळा लावला आणि चक्क निघाले! "दोन दिवस कुणी हात लावायचा नाही." रविवार चार दिवसांवर, आणि म्हणे हात लावायचा नाही.

ऑफिसात हे सांगितलं तर आमच्या टीममधला एक कारवेडा उसळलाच. फेलिक्स वांकेलच्या रोटरी इंजिनाचं, म्हणजे माझदाच्या आरएक्स-७ वगैरे गाड्यांचं, अगदी हेच दुखणं म्हणे. तिथे पिस्टन नाही, तिकोनी रोटर असतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना सील. गाडी पडून राहिली की सील चिकटतात. उपाय? प्लगच्या भोकातून तेल, थोडा धीर आणि हाताने हळूहळू फिरवणं. म्हणजे हिरोशिमा काय नि चंदननगर काय!

शुक्रवारी मिस्त्री आले. गिअर न्यूट्रल, उजव्या बाजूचं कव्हर काढलं आणि पंखा हाताने अर्धा पुढे, अर्धा मागे. पुन्हा थोडं तेल, पुन्हा तेच. तासाभराने म्हणाले, "अंगठा ठेवा." प्लगच्या भोकावर अंगठा दाबला, त्यांनी किक मारली आणि अंगठा फट्दिशी उडाला! आई शप्पथ, अप्रेजलच्या दिवशीही इतका आनंद झाला नव्हता.

"नाचू नका," मिस्त्री म्हणाले. तेल ओतल्यावर दाब येतोच, कारण फट तेलाने भरते. रिंगा खरंच सुटल्या का, ते इंजिन गरम झाल्यावर कळणार. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवा आधी पिस्टनच्या खाली, क्रँककेसमध्ये दाबली जाते. तिथले ऑइल सील कडक झाले असतील तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंजिन आपोआप भणाणतं. तसं झालं तर इंजिन उतरवायचं. खर्च गाडीच्या भंगार किमतीच्या वर.

शनिवारी टाकीतलं जुनं पेट्रोल फेकलं, कार्ब्युरेटर धुतला, नवा प्लग लावला. पहिल्या पेट्रोलात ऑइल नेहमीपेक्षा थोडं जास्त. मी किकवर पाय ठेवणार तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब." बाबा! लिफ्टने खाली आले होते, पायात घरातल्या चपला. त्यांनी हँडल धरलं, गाडी एका बाजूला पार आडवी केली, सरळ केली, मग मला म्हणाले, "आता मार."

चौथ्या किकला सुरू. पार्किंगभर पांढरा धूर, वरच्या मजल्यांवरून खिडक्या बंद. इंजिन भणाणलं नाही. आरसीची मुदत कधीच संपलेली, म्हणून रस्त्यावर नेता आली नाही. कंपाऊंडच्या आत बिल्डिंगभोवती फेऱ्या मारल्या. बारा माझ्या आणि एक, गुडघ्यासकट, बाबांची. गाडी चांगली तापल्यावर मिस्त्रींनी पुन्हा प्लग काढायला लावला. अंगठा पुन्हा उडाला.

खाली उतरल्यावर बाबांनी वॉचमनकडून यादी मागून घेतली. तिसऱ्या नंबरपुढचं 'बंद' खोडलं आणि मला विचारलं, "आरटीओ सोमवारी किती वाजता उघडतं रे?"