उंबरठ्याबाहेरच्यांचे घर

१७ ऑगस्ट हा पद्मश्री दामोदर गणेश बापट यांचा स्मृतिदिन. २०१९ साली याच दिवशी छत्तीसगडमधील बिलासपूर येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. समाजाने उंबरठ्याबाहेर काढलेल्या माणसांसाठी आयुष्यातील सुमारे पाच दशके वेचणाऱ्या या कर्मयोग्याने अखेरीस आपला देहही वैद्यकीय शिक्षणासाठी दान केला. स्वतःसाठी काहीच न राखणारी अशी माणसे दुर्मीळ असतात. त्यांचे स्मरण करायचे ते केवळ हार घालण्यासाठी नव्हे, तर त्यांच्या जीवनाने आपल्यापुढे ठेवलेल्या प्रश्नाला सामोरे जाण्यासाठी.

तो प्रश्न समजून घ्यायचा तर आरंभ सदाशिव गोविंद कात्रे यांच्यापासून करावा लागतो. कात्रे रेल्वेत नोकरीला होते. कुष्ठरोगाने त्यांना गाठले आणि काल-परवापर्यंत ज्यांच्यासोबत ऊठबस होती, त्यांच्या नजरा बदलल्या. उपचारांसाठी ते एका मिशनरी रुग्णालयात दाखल झाले. तेथील सेवेसोबत येणारा धर्मांतराचा आग्रह त्यांच्या मनाला टोचू लागला. परंतु कात्रे यांचे मोठेपण असे की, ते केवळ तक्रार करून थांबले नाहीत. आपल्याच समाजाने या रुग्णांना टाकले म्हणून ते दुसऱ्याच्या दारी गेले, हे कटू सत्य त्यांनी ओळखले. सरसंघचालक श्रीगुरुजींच्या प्रोत्साहनाने १९६२ मध्ये त्यांनी चांपा येथे ‘भारतीय कुष्ठ निवारक संघा’ची स्थापना केली. ज्याला स्वतःलाच आधाराची गरज होती, तो असंख्यांचा आधार बनला. चांपाजवळील सोठी येथील आश्रमाचा परिसर आज ‘कात्रेनगर’ म्हणून ओळखला जातो.

अमरावती जिल्ह्यातील पथ्रोट गावी १९३५ साली जन्मलेले, नागपुरात शिकलेले आणि संघसंस्कारांत वाढलेले बापट नोकरीचा मळलेला मार्ग सोडून वनवासी कल्याण आश्रमाच्या कामासाठी जशपूरला पोहोचले आणि तेथे मुलांना शिकवू लागले. पुढे सोठीच्या आश्रमाशी त्यांचा संबंध आला. १९७२ पासून ते तेथे राहू लागले ते कायमचेच. १९७७ साली कात्रेजींचे निधन झाल्यावर आश्रमाची धुरा त्यांच्या खांद्यांवर आली.

वैद्यकीय पदवी बापटांजवळ नव्हती. ना संपत्ती, ना वक्तृत्वाचा डामडौल. मग त्यांनी या रुग्णांना दिले तरी काय? याचे उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. रुग्णांनी आपल्या हातांनी रांधलेले अन्न ते त्यांच्या पंगतीत बसून जेवत. ही कृती दिसते तितकी लहान नाही. ज्याच्या हातचे पाणी सख्खा भाऊ घेत नाही, ज्याचे ताट-वाटी घराच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली जाते, त्याच्या हातची भाकरी कोणी आनंदाने मागून खातो, तेव्हा त्या हातांना गेलेली प्रतिष्ठा परत मिळते. हजार व्याख्यानांनी जे साधत नाही, ते अशा एका घासाने साधते.

कुष्ठरोगात नसा बधिर होतात. चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि हातापायांना व्यंग येते. पण शरीराच्या बधिरतेहून भयंकर असते ती समाजमनाची बधिरता. रुग्णाची बोटे झडण्याआधी त्याची नाती झडतात. घर सुटते, गाव सुटते आणि देवळाच्या पायरीवर भिक्षापात्र घेऊन बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून कुष्ठरुग्णाचा प्रश्न केवळ औषधाचा नाही, तो घराचा आहे. सोठीच्या आश्रमाने नेमके हे ओळखले. तेथे शुश्रूषा आहेच. परंतु शेती आहे, गोपालन आहे, हाताला काम आहे, रुग्णांच्या मुलांच्या शिक्षणाची आणि निवासाची सोय आहे. भिक्षेसाठी पसरणारा हात कामाला लागला की, तो पुन्हा माणसाचा हात होतो, ही त्यामागची दृष्टी.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम उभे केले. अमरावतीत दाजीसाहेब पटवर्धनांनी ‘तपोवन’ वसविले. वरोऱ्याचे बाबा आमटे यांचे ‘आनंदवन’ तर घरोघरी ठाऊक आहे. विचारांच्या वाटा वेगळ्या असतील, पण टाकलेल्या माणसाला उचलून घेणारी करुणा एकच. विदर्भाच्या मातीतल्या त्याच करुणेचा एक झरा बापटांच्या रूपाने छत्तीसगडच्या भूमीत वाहिला. भारत सरकारने २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविले.

आता प्रश्न आपला. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो. तो आनुवंशिक नाही आणि बहुसंख्य माणसांत त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती निसर्गतःच असते. निर्धन कुष्ठरुग्णांना पकडून डांबण्याची मुभा देणारा १८९८ चा इंग्रजी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी तरतूद हिंदू विवाह कायद्यातून काढण्यासाठी मात्र २०१९ साल उजाडावे लागले. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. तरीही जगात आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातील आहेत. औषध आले, कायदा बदलला. मन बदलले का?

‘पूर्वजन्मीचे पाप’ हा शिक्का आपणच मारला. सर्वांभूती एकच चैतन्य पाहणारे तत्त्वज्ञान सांगायचे आणि चट्टा दिसताच पोटच्या मुलाला घराबाहेर काढायचे, या विसंगतीचे खापर कोणत्याही परकीयाच्या माथी फोडता येणार नाही. धर्मांतराची चिंता वाहणाऱ्या प्रत्येकाने कात्रे-बापटांकडून हा धडा घ्यायला हवा की, जो समाज आपल्या दुर्बलाला छातीशी धरतो, त्याला घर फुटण्याचे भय नसते. ज्याला घरातच घर उरले नाही, त्याने परके दार ठोठावले तर दोष कोणाचा?

आपल्यापैकी अनेक जण अशा सेवाकार्यांना वर्षाकाठी निधी देतात. तो द्यायलाच हवा. परंतु धनादेश पाठवून कर्तव्याची इतिश्री होत नाही. आपल्या मुलांना घेऊन एखाद्या कुष्ठाश्रमात एक दिवस घालवावा. पाहुणे म्हणून नव्हे, आप्त म्हणून. तेथील पंगतीत बसावे. आपल्या वस्तीत कोणाच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर त्याला धीर देऊन सरकारी आरोग्य केंद्रात न्यावे; तेथे औषध मोफत मिळते. आणि बरा झालेला माणूस घरी परतला की, त्याच्या हातचा पाण्याचा पेला सर्वांदेखत घ्यावा.

आश्रम किती विस्तारले, यात समाजाचे भूषण नाही. टाकलेली माणसे आहेत, म्हणून आश्रम आहेत. ज्या दिवशी कुष्ठरुग्णाला आश्रमाचा पत्ता विचारण्याची वेळच येणार नाही, कारण त्याचे स्वतःचे दार त्याच्यासाठी उघडे असेल, त्या दिवशी कात्रेजींचे आणि बापटजींचे कार्य पूर्ण होईल. ते दार उघडणे आपल्याच हाती आहे. या स्मृतिदिनी त्या सेवाव्रतीस आमचे विनम्र अभिवादन.