बास शिकणाऱ्याला इनपुटही शिकवा

पहिली बास गिटार घ्यायला निघालेल्याला 'ॲक्टिव्हच घ्या, पॅसिव्ह आता जुनं झालं' असा सल्ला सर्रास मिळतो. मग ॲम्प्लिफायरवर 'पॅसिव्ह' आणि 'ॲक्टिव्ह' अशी दोन इनपुट दिसली की त्यातलं एक भारी आणि दुसरं हलकं, अशी त्याची खात्रीच पटते. वास्तविक हे शब्द दर्जाबद्दल काहीच सांगत नाहीत. वाद्यातून येणारा सिग्नल किती जोरकस आहे आणि तो कसा घ्यायचा, एवढाच त्यांचा अर्थ. आवाज मनासारखा येत नाही म्हणून नवे पिकअप बसवण्याआधी हे समजायला हवं, आणि ते समजावणं हे बास शिकवणाऱ्याचंच काम आहे.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत क्षीण वीज निर्माण होते. फेंडरचा १९५१ चा प्रिसिजन बास आणि १९६० चा जॅझ बास एवढ्यावरच वाजत आले. त्यांत बॅटरी नव्हती, म्हणजे ते पॅसिव्ह. १९७६ मध्ये आलेल्या म्युझिक मॅनच्या स्टिंगरेमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाद्यातच वाढवणारं सर्किट, होता आणि बास-ट्रेबल वाद्यावरच वाढवता येऊ लागले. पण त्याचा पिकअप पॅसिव्हच होता. आजही ॲक्टिव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बासमध्ये बॅटरी लागते ती प्रीॲम्पला, पिकअपला नव्हे. केबल रात्रभर खोचलेली राहिली तर ती बॅटरी उतरत राहते आणि दुसऱ्या दिवशी आवाज फाटू लागतो. दोष मात्र पिकअपला दिला जातो.

इनपुटचं गणितही असंच साधं आहे. पॅसिव्ह बासचा सिग्नल नाजूक असतो, त्याच्यावर भार पडता कामा नये. म्हणून ॲम्पच्या पॅसिव्ह इनपुटचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण १० लाख ओहम ठेवतात. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो १० हजारांच्या आसपास असतो. तोच बास थेट तिथे जोडला की वरचे सूर मरतात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. तिथे डीआय बॉक्स, म्हणजे बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, हवा, किंवा ऑडिओ इंटरफेस असेल तर त्यावरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण. ॲम्पचं ॲक्टिव्ह इनपुट बहुधा सिग्नल १० ते १५ डेसिबलने कमी करतं. १० डेसिबल म्हणजे व्होल्टेज जवळपास एक तृतीयांशावर. पॅसिव्ह बास तिथे लावला तर आवाज दबतो, मग गेन वाढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. उलट ॲक्टिव्ह बास पॅसिव्ह इनपुटला लावल्याने ॲम्प बिघडत नाही. आवाज फाटला, तरच इनपुट बदलायचं.

यावर कोणी म्हणेल, वादकाने कान तयार करावा, विजेचं तंत्रज्ञ पाहील. पण काहीतरी चुकतंय एवढंच कान सांगतो. कुठे चुकतंय ते जोडणी कळणाऱ्यालाच सापडतं. तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा किती सरकवायचा, हे आपल्याकडे गाणं शिकवतानाच दाखवतात. ते कारागिराचं काम म्हणून कोणी सोडून देत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ॲक्टिव्ह बास खरोखरच सोयीचा असतो. लांब केबलमध्ये त्याचे वरचे सूर तितकेसे हरवत नाहीत, स्टेजवर वाजवता वाजवता आवाज बदलता येतो. हे मान्यच. पण खोलीत चार हात केबलवर सराव करणाऱ्याला त्यातलं फारसं लागत नाही, आणि बास-ट्रेबलची बटणं ॲम्पवर असतातच. आधी गरज कळावी, मग खरेदी व्हावी.

त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम नको, पहिल्या महिन्यातला एक तास पुरे. एकच बास, तीच तार, तोच जोर: आधी पॅसिव्ह इनपुट, मग ॲक्टिव्ह, मग मिक्सरचं लाइन इनपुट. तिन्ही आवाज लागोपाठ ऐकलेला विद्यार्थी आवाज बिघडला की आधी केबल, बॅटरी आणि इनपुट तपासेल. पिकअप बदलण्याची वेळ त्यानंतरही आलीच, तर पैसे कशासाठी मोजतोय हे त्याला नेमकं ठाऊक असेल.