वहाणेची निगा

पायातल्या वहाणेला आपल्या भाषेने कधी बरे वागवलेले नाही. विंचू मारायचा तो दुसऱ्याच्या वहाणेने. कुणाला त्याची पायरी दाखवायची झाली की ‘पायातली वहाण पायातच बरी’ हे ठरलेलेच. आणि उपकार फिटता फिटत नाहीत असे म्हणायचे असेल, तेव्हा मात्र आपण स्वतःच्या कातड्याचे जोडे करून द्यायला निघतो! ‘वहाण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘उपानह्’वरून आला, असे वर्गात सांगितले की मुले आधी हसतात आणि मग हळूच आपापले पाय बाकाखाली ओढून घेतात.

ऐन दिवाळीच्या अंकात हा विषय कुठून निघाला, असे कुणी विचारील. निघाला तो आमच्या खानदेशच्या ऋतुमानातून. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा पायाला सुख देते ती कोल्हापुरीच. मृग लागला की शहाण्या घरांतून ती माळ्यावर जाते आणि दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत खाली उतरते. उतरते ती अंगावर पांढरी बुरशी घेऊन. घरातले तांब्या-पितळेचे भांडे न् भांडे चिंचेने लखलखते, पडदे धुतले जातात, कपाटांच्या माथ्यांवरूनही फडके फिरते. ही बिचारी उंबऱ्याबाहेरच्या कोपऱ्यात जशीच्या तशी. पाडव्यानंतर कुणाच्या तरी पायात जाते, आणि फाल्गुनात पट्टा तुटला की ‘हल्ली माल चांगला येत नाही’ असा निकाल लागतो.

मालाचा दोष नेहमीच नसतो. खरी कोल्हापुरी कमावतात ती बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात. कातड्याला टिकवणारा तुरटपणा या झाडांतूनच त्यात उतरतो. जे पाण्यातून आले, ते पाण्याने थोडेथोडे जातेही. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपली नवी जोडी साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातली. सकाळी बादलीतले पाणी चहासारखे झालेले! मग त्यांनी ती गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी तिच्या टाचा आणि चवडे पापडासारखे वर वळले होते. आमच्याकडच्या गच्च्या पापड-कुरडयांसाठी. चपलेने त्या वाटेला जाऊ नये.

तेव्हा पहिली गोष्ट, बुरशी झटकायची ती घराबाहेर, कोरड्या फडक्याने. मग जुन्या दातांच्या ब्रशने वेणीतली, गोंड्यातली, कानांच्या शिवणीतली धूळ काढावी. खानदेशची माती बारीक असते, आणि ती घामाशी मिळाली की लेप होतो. तळावर पायाचा जो काळा ठसा उमटतो तो केवळ मळ नव्हे, घामातला क्षारही असतो. त्यासाठी फडके ओले करून घट्ट पिळावे आणि साऱ्या तळावरून सारखे फिरवावे. नुसता डागच घासला तर सुकताना त्याच्याभोवती तपकिरी कडे उमटते, कारण ओल कडेला सरकते आणि रंग सोबत नेते. नंतर सावलीत, वाऱ्यावर, कुशीवर उभी करून ठेवावी. दोन दिवस लागले तर लागू द्यावेत.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. स्वयंपाकघरात जे सापडेल ते ओतायचे, ही सर्वसाधारण रीत. जवसाचे तेल वाळते. वाळते म्हणूनच सुतार ते लाकडाला लावतात. चामड्यावर ते वाळले की चामडे ताठ होऊन भेगाळते. सरकीचे तेल काही दिवसांनी चिकटते आणि धूळ धरते. एरंडेल मात्र वाळत नाही. त्याचे चार थेंब फडक्यावर घ्यावेत, चपलेवर नव्हे, आणि रात्री हलक्या हाताने चोळावेत. (जळगावहून धुळ्याला जाताना वाटेत एरंडोल लागते, तेव्हा याची आठवण व्हायला हरकत नाही!) जास्त तेल पाजले तर चामडे लोळागोळा होते आणि शिवण सैल पडते. आमच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात महिन्यातून एकदा एवढा खुराक पुरे.

रबरी किंवा फोमच्या चपलांचे फार कौतुक नको. साबणाने धुवाव्यात, सावलीत ठेवाव्यात, आणि त्यांना तेल अजिबात लावू नये; रबर फुगते.

लोखंडापासून मात्र कोल्हापुरीला जपावे. हिरडा आणि हिराकस मिळून काळी शाई होते, हे जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांना माहीत असते. चपलेत हिरडा आहेच. ओली चप्पल लोखंडी मांडणीवर ठेवली की उरलेले काम गंज करतो. तो काळा डाग सहजासहजी निघत नाही.

एवढे सारे सोपे असताना हे काम घरोघरी होत का नाही? आळस हे त्याचे उत्तर नव्हे. चामड्याला हात लावायचा नाही, हे आपल्या हाडीमासी भिनलेले आहे. ज्याने ते कमावले, शिवले, त्याला पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवून आपण त्याच्या मेहनतीवर चालत राहिलो. कोल्हापुरीला डिसेंबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या कंपनीने तसल्याच चपला दाखवल्या आणि आधी मूळ गावाचे नाव घेतले नाही, तेव्हा आपण सारे संतापलो. संताप रास्तच होता. पुढे त्या कंपनीने भारतीय कारागिरीचे ऋण मान्यही केले. पण संतापलेल्यांपैकी कितीजणांनी स्वतःची जोडी स्वतः पुसली असेल?

गांधीजी टॉल्स्टॉय फार्मवर सँडल करायला शिकले. वाणी कुळातला, विलायतेहून बॅरिस्टर झालेला हा माणूस! दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगात त्यांनी जनरल स्मट्स यांच्यासाठी, म्हणजे ज्यांनी तुरुंगात टाकले त्यांच्यासाठीच, एक जोड तयार केला, आणि १९१४ साली तो देश सोडताना त्यांना भेट दिला. स्मट्स यांनी तो कित्येक उन्हाळे वापरला, आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला परत पाठवला. पंचवीस वर्षांनी परत पाठवण्याजोगा राहिला, म्हणजे त्याची कुणीतरी निगा राखली असणार.

आपल्याकडची रीत फुले मार्केटच्या आसपास किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर घटकाभर उभे राहिले तरी दिसते. मोच्यापुढे माणूस थांबतो, चिखलाने भरलेली चप्पल पायातून सोडतो आणि अंगठ्यानेच त्याच्याकडे सरकवतो. मोची ती दोन्ही हातांनी उचलतो, आधी पुसतो, मग टाका घालतो. पुसण्याचे पैसे कुणी देत नाही.

घरून पुसून न्यावी. हातात घेऊन हातात द्यावी, आणि सुटलेली जागा बोटाने दाखवावी. एकच टाका गेला असताना नेली तर काम लवकर होते. पट्टा लोंबू लागेपर्यंत थांबू नये. खिळा ठोकू नका, चामड्याच्या वादीनेच शिवा, असे आवर्जून सांगावे. वेळ अधिक लागेल, पैसेही अधिक पडतील. ते घासाघीस न करता द्यावेत.